शॉमबर्गचे काका

हे गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी बरोबर दहा वाजता, खाली बेसमेंटमध्ये घंटी वाजली. घरात मी एकटी. मुलगा दिवस उरकून सिअ‍ॅटलला परत गेला होता, भेटायला येणारे येऊन गेले होते, आणि मी किचनमध्ये उभ्या उभ्या चहा पीत होते. टुंग, टुंग, टुंग, अशी तीनदा वाजली आणि थांबली. कप तसाच ओट्यावर ठेवून मी बेसमेंटचं दार नीट लागलंय ना ते बघून आले. खोटं कशाला सांगू, कडीही लावली.

तुम्ही म्हणाल, बाई भित्री दिसतेय. अहो, तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांच्या शरीराचे तुकडे मेणात बसवून, त्यांचे पापुद्रे काढून काचेच्या स्लाइडवर चढवलेत. भुताखेतांना मी घाबरत नाही. मला भीती वाटली ती त्या वेळेची. मागची दोन वर्षं हे दर रविवारी दहाला खाली जायचे, आणि तासभर खालून बोलण्याचा आवाज यायचा.

आमचं शॉमबर्गचं घर जुनं आहे. प्रत्येक खोलीत जमिनीला हीटिंगची जाळी. फर्नेस बेसमेंटमध्ये, तिथून गरम हवा वर येते आणि हवेबरोबर आवाजही येतो. किचनच्या जाळीपाशी उभं राहिलं की खाली कुणी खोकलं तरी कळतं, शब्द मात्र लागत नाहीत. यांचा आवाज एका लयीत चालायचा, थांबायचा, मग कुणाला तरी उत्तर दिल्यासारखे दोन-चार शब्द, आणि पुन्हा ती लय. दुसऱ्या कुणाचा आवाज कधीच नाही. मला वाटलं, संपलं, डोकं फिरायला लागलं माणसाचं. एकदा विचारलं तर म्हणाले, वाचतोय. म्हटलं, मोठ्यानं? कुणाला ऐकवताय, फर्नेसला? हे नुसते हसले आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत वाटीभर पातळ ताक ओतलं. तेही दर रविवारचंच. पुढे मी विचारणंच सोडलं.

सोडलं, कारण मला वेळ कुठे होता? मी ग्रुपवर असायचे. आमच्या मंडळातल्या रिटायर्ड लोकांचा ग्रुप, डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका, आणि माझ्यासारख्या नोकऱ्या केलेल्या चार-दोघी. सकाळी उठल्यापासून मेसेज. आपलं कसं बरोबर, बाकीचे कसे चुकतात, आणि आपल्या मुलांच्या सीटा कुणी कशा खाल्ल्या. मी तिथे फार लोकप्रिय होते, उगाच लाजत नाही. माझी जीभ तिखट आणि मराठी टायपिंग फास्ट. हेही त्या ग्रुपवर होते, पण शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी तिथे चकार शब्द लिहिला नाही.

हे हृदयाच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला गेले आणि घरी परत आलेच नाहीत. मी ग्रुपवर एक ओळ टाकली. शंभराच्या वर लोकांचे मेसेज आले, आणि सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे. तेच जोडलेले हात, तीच दोन वाक्यं, त्याच क्रमानं. मी सोफ्यावर बसून वर वर सरकवत होते आणि ते संपतच नव्हते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. तासाभरानं कुणीतरी एक जोक टाकला आणि ग्रुप पुढे चालू लागला.

त्याच आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. घरच्या जुन्या लँडलाइनवर सारखे फसवणुकीचे फोन यायचे. तिरीमिरीत मी ती कॅन्सल केली. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्या नंबरच्या, फोन कंपनीकडच्या व्हॉइसमेलवर यांचा आवाज होता. ‘आम्ही घरी नाही, निरोप ठेवा,’ एवढंच, पण यांचा. मी त्या नंबरवर फोन लावला तर एक यांत्रिक बाई म्हणाली, हा नंबर वापरात नाही. मुलाला विचारलं, तुझ्या फोनवर बाबांचा एखादा व्हॉइसमेल? तो म्हणाला, “आई, बाबा ओन्ली सेंट थम्ब्स अप.” फोनमधले सगळे व्हिडिओ उघडले. सगळीकडे कॅमेरा धरणारे हे आणि बोलणारी मी. बेचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाचा आवाज माझ्याकडे उरला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. फक्त तो एकदा ऐकायचा होता.

चौथ्या रविवारी दहाला पुन्हा घंटी झाली, आणि मी कडी काढून खाली गेले. बाहेर बर्फ पडून गेलं होतं. बेसमेंटच्या आडव्या खिडकीतून पांढरा, फिकट उजेड येत होता. यांच्या टेबलावर चार्जरला लावलेला टॅब्लेट उजळला होता. खुर्ची थोडी मागे सरकलेली, जणू कुणी आताच उठून गेलंय. टॅब्लेटवर आठवण होती: ‘रविवार, १०, वाचन’. खाली मीटिंगची लिंक.

आता माझी चूक बघा. आमच्या मंडळाचं रविवारी ऑनलाइन स्तोत्रपठण चालतं. मला वाटलं, अरे देवा, हे दोन वर्षं गुपचूप पठणाला बसत होते आणि मला पत्ता नाही. सगळी ओळखीची मंडळी असतील, एखाद्यानं रेकॉर्ड केलं असेल, आवाज मिळेल. मी यांच्या खुर्चीत बसले आणि लिंक दाबली.

पडद्यावर आठ-नऊ चौकटी उघडल्या. एकही तोंड ओळखीचं नाही. कुणीतरी वाचत होतं, ते मध्येच थांबलं. चौकटींखाली नावं नव्हती. ‘अल्फारेटाच्या मावशी’, ‘अर्विंगचे दादा’, असं काहीतरी लिहिलेलं. आणि खालच्या कोपऱ्यात एक काळी चौकट, कॅमेरा बंद, माइक बंद: ‘शॉमबर्गचे काका’. ती माझी होती.

“काका आले,” मावशी म्हणाल्या. सगळे चेहरे एकदम उजळले आणि माझ्याकडे, म्हणजे त्या काळ्या चौकटीकडे बघायला लागले. “जय भीम, काका. ऑपरेशन नीट झालं ना?”

मावशींच्या मागच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, तो मी आता पाहिला. माझं बोट लीव्हच्या, म्हणजे मीटिंग सोडायच्या बटणावर गेलं. का गेलं ते सांगायला नको, आणि सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. बेचाळीस वर्षं अमेरिकेत काढली, पण नवा मराठी माणूस भेटला की दोन मिनिटांत मी विचारणार, पूर्ण नाव काय तुमचं? आडनाव कळलं की माणूस कळला. आमच्याकडे सगळेच तसं करतात. इथे कुणाला आडनावच नव्हतं, आणि तरीही मला कळलं होतं आणि बोट बटणावर होतं.

पण दाबलं नाही. कारण दादा म्हणाले, काकांना बोलायला त्रास होत असेल, त्यांना नुसतं ऐकू द्या. आणि त्यांनी पुढचं पान वाचायला घेतलं, सावकाश, एका आजारी माणसासाठी. अधूनमधून थांबून विचारायचे, काका, ऐकू येतंय ना? तासभर ते माझ्या मेलेल्या नवऱ्याला वाचून दाखवत होते, आणि मी त्यांच्या खुर्चीत त्यांच्या नावामागे श्वास रोखून बसले होते. आपणच भूत झालोय असं वाटत होतं. शेवटी सगळ्यांनी चौकटीला हात केला. मीही अंधारात हात केला.

पुढचा आख्खा आठवडा डोक्यात भुंगा. पाचव्या रविवारी माइक सुरू केला आणि म्हटलं, मी काकू बोलतेय, काका गेले. अल्फारेटाच्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला. जोडलेल्या हातांचं चित्र तिथे नव्हतं, माणसं रडत होती. मग त्यांनी सांगितलं. हे दोन वर्षांपूर्वी कढीपत्ता थंडीत कसा जगवायचा त्याचा व्हिडिओ बघत होते. खाली यांनी मराठीत लिहिलं, माझा मरतोय. त्या दादांनी उत्तर दिलं, पाणी कमी करा, ताक घाला. कढीपत्ता जगला. मग एक दिवस दादा म्हणाले, रविवारी आम्ही काही लोक मोठ्यानं वाचतो, या. आडनाव लावायचं नाही, गाव आणि नातं लावायचं, एवढाच नियम. कुंडीतलं ते झाड सुकलं नसतं तर ही माणसं आणि आमचे हे जन्मात समोरासमोर आले नसते. आमच्या फोनवर तर आमच्यासारखेच लोक येतात.

आणि मावशी म्हणाल्या, “काकांचा आवाज आहे ना आमच्याकडे. आमच्यातली एक नर्स आहे, तिची रविवारी ड्यूटी असते, म्हणून आम्ही सगळं रेकॉर्ड करतो.”

मी तिथेच हमसून हमसून रडले. कुणापुढे रडतेय याचं भान नव्हतं.

रेकॉर्डिंग आली. मी रोज दुपारी खाली बसून एकेक ऐकायचे. कानात इयरफोन घालून बसायचे हे, म्हणून मला वर फक्त यांचाच आवाज यायचा. आता दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. यांचं वाचन म्हणजे काय, मराठी शाळेतल्या मुलासारखं, पूर्णविरामाला दम घेऊन. मध्येच “थांबा हं, चष्मा.” मध्येच खोकला, तो मी वर जाळीपाशी ऐकलेला. हे त्या लोकांना प्रश्न विचारत होते, चुकत होते, चुकलं की बरं म्हणत होते. माझ्याशी कधी इतकं बोलले नव्हते. राग आला मला. मेल्यावर नवऱ्याचा हेवा वाटणारी बाई मीच असेन.

शेवटचं रेकॉर्डिंग ऑपरेशनच्या आधीच्या रविवारचं. त्यात एक मुलगी बोलत होती. ती डॉक्टर, क्लीव्हलंडला, चौकटीखाली लिहिलेलं ‘क्लीव्हलंडची धाकटी’. तिला रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधली शिकाऊ डॉक्टरकी, मिळाली त्या दिवशी तिच्या मराठी रूममेटनं तिला एक मेसेज फॉरवर्ड केला होता. अभिनंदन नाही, काही नाही, नुसता मेसेज. तिनं ते घर सोडलं. तो तिनं सगळ्यांना वाचून दाखवला.

‘मी तीस वर्षं लॅबमध्ये काम केलं आहे,’ असा तो सुरू होत होता. आपल्याकडून आलेल्या एका डॉक्टरणीनं दोन पेशंटच्या स्लाइडची अदलाबदल करून रिपोर्ट दिला, आडनाव ऐकलं आणि कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं हे समजलं, असं पुढे. खाली ‘सत्य घटना’.

तो मेसेज माझा होता. वर्षभरापूर्वी एका दुपारी मी बसल्या बसल्या लिहिला, ग्रुपवर टाकला, टाळ्या आल्या, आणि मी विसरले. तो कुठून कुठे हिंडून क्लीव्हलंडला पोचला होता आणि आता यांच्या टॅब्लेटमधून, एका अनोळखी मुलीच्या तोंडून, माझ्याच शब्दांत मला ऐकू येत होता.

आणि तो खोटा होता. स्लाइडची अदलाबदल झाली होती, खरं आहे. ती लॅबमध्ये झाली होती. त्या दिवशी लेबलं माझ्या हातची होती. त्या डॉक्टरणीनं ती चूक पकडली, पेशंटला काही झालं नाही, आणि तिनं माझी तक्रारही केली नाही. मी घरी येऊन यांच्याजवळ रडले होते. पुढे वीस वर्षांत कधीतरी ती गोष्ट माझ्या डोक्यात उलटी झाली. त्या डॉक्टरणीशिवाय खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मग रेकॉर्डिंगमध्ये यांचा आवाज आला.

“ते मी लिहिलं होतं.”

मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा लावलं. हे म्हणत होते, चूक डॉक्टरची नव्हती, लॅबची होती, डॉक्टरनं उलट पकडली, मी खोटं लिहिलं, मला लाज वाटते. धाकटीनं विचारलं, काका, तुम्ही? तुम्ही का असं लिहिलंत? फर्नेसचा घूं घूं आवाज येत राहिला. आणि त्या आवाजामागून, लांबून, जाळीतून खाली आल्यासारखा, एका बाईचा आवाज आला.

“अहो, पोहे झालेत. येताय ना?”

मी दचकून वर बघितलं. वर कुणी नव्हतं. तो माझा आवाज होता. मी वर निवांत पोहे परतत होते, आणि खाली हा माणूस माझं पाप आपल्या डोक्यावर घेत होता. “येतो,” ते मला म्हणाले. मग धाकटीची चौकट गेल्याचा बारीक आवाज आला. ती निघून गेली होती. हे वर येऊन पोहे खाऊन गेले. छान झालेत म्हणाले. मला तो रविवार चांगला आठवतो, कारण त्यानंतर यांनी घरात बसून रविवारचे पोहे खाल्ले नाहीत.

तेव्हापासून मावशींच्या बोलण्यातला एक अडखळा माझ्या लक्षात आला. काका फार भले होते, असं म्हणताना त्या किंचित थांबायच्या. त्या सगळ्यांनी यांना त्या मेसेजसकट स्वीकारलं होतं. धाकटीनं नव्हतं. ती पुन्हा आलीच नव्हती.

मी काय करावं? बोलले तर जिथे यांचा आवाज आहे, यांच्या आठवणी आहेत, जिथे मला काकू म्हणतात, ती एकमेव जागा जाणार. नाही बोलले तर हे त्या मुलीच्या मनात तसेच राहणार. तीन रविवार मी बसले, वाचलं, बोलले नाही. यांच्या जागी वाचायला लागले तर मावशी म्हणाल्या, अगदी काकांसारखं थांबता हो तुम्ही. मी पुढचं पान उलटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी धाकटी आली. कॅमेरा सुरू होता. हॉस्पिटलचे कपडे, डोळ्यांखाली काळं, असेल आमच्या मुलापेक्षा लहान. म्हणाली, काका गेल्याचं आता कळलं. त्यांनी माफी मागितली आणि मी लीव्ह दाबलं, काकू. मला ते सारखं आठवतं. मी त्यांना काहीतरी बोलायला हवं होतं.

म्हणजे ती मुलगी माझ्यापुढे माफी मागत होती. मी म्हटलं, “बाळा, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. आणि ती लेबलंही माझीच होती.”

मग सगळं सांगितलं, पोह्यांपर्यंत. माझा कॅमेरा मी त्या दिवशी पहिल्यांदा सुरू केला, निदान तोंड दिसू दे म्हटलं. मी बोट लीव्हपाशी नेलं, कारण हाकलण्याआधी आपण गेलेलं बरं.

धाकटी शांतपणे म्हणाली, “हे तुम्ही तुमच्या ग्रुपवर सांगितलंत का?”

बस, एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, आम्हाला सांगून काय होणार? आम्हाला माहीतच होतं की ते खोटं आहे.

त्या दिवशी वर येऊन मी ग्रुप उघडला. पहिलं वाक्य सुचत नव्हतं, मग यांचंच घेतलं. ‘ते मी लिहिलं होतं.’ पुढे डॉक्टरणीनं काय केलं, मी काय केलं, सगळं लिहिलं आणि पाठवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा एकेक करून उमटत गेल्या. पन्नास, साठ, सत्तर लोकांनी वाचलं. कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मी फोन हातात धरून बसले होते, आणि इतकी माणसं माझ्याकडे बघत गप्प उभी आहेत असं वाटत होतं. अर्ध्या तासानं कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकून सगळ्यांना शुभ दिवस म्हटलं.

दहा दिवसांनी पुण्याहून माझ्या सख्ख्या बहिणीनं मला एक मेसेज फॉरवर्ड केला. वर लिहिलं होतं, हे वाच, अगदी तुझ्या लॅबसारखंच. ‘मी तीस वर्षं लॅबमध्ये काम केलं आहे...’ खाली ‘सत्य घटना’. आता त्यात पेशंट मेला होता. तेवढं कुणीतरी वाढवलं होतं.

मी तिला फोन लावला आणि सांगितलं, ते मी लिहिलं होतं. ती हसली. म्हणाली, काहीतरीच काय, हा तर एका डॉक्टरांनी पाठवलाय.

रविवारी दहाला घंटी झाली तशी मी खाली गेले. धाकटी होती. तो मेसेज परत आला का, विचारलं तिनं. म्हटलं, आला, आता त्यात माणूस मेलाय. ती म्हणाली, मग पुन्हा सांगा. मी हो म्हटलं, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. माझ्या चौकटीखाली अजून ‘शॉमबर्गचे काका’च आहे. ते बदला असं अजून कुणी म्हणालेलं नाही, आणि माझं नाव तिथे लावायची माझी अजून हिंमत होत नाही.